चेहरा दाखवायचा, पण कुणाला, कुठे आणि किती वेळ?

मुठाकाठची (धागा)
शनिवार, रात्री ९:१०

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव येतोय. शब्द असे आहेत : ‘चेहरा झाकलेल्या कोणत्याही व्यक्तीस गेटच्या आत सोडण्यात येऊ नये.’ संस्था कोंढव्याच्या बाजूला, वस्ती मिश्र. ठराव मांडणारे काका मला लहानपणापासून ओळखतात, कुणाचा द्वेष करणारा माणूस नाही. इमारतीत चोऱ्या झाल्या, सीसीटीव्हीत चोराचं तोंड दिसत नाही, त्यातून हे आलं. तरीही तो या शब्दांत मंजूर होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी माझ्या विरोधात जाणारा मुद्दा. कलम २५ ला आपण धर्मस्वातंत्र्याचं कलम म्हणतो, पण त्याची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अटीने होते. श्रद्धेचं कारण पुढे केलं की तपासणी थांबली पाहिजे, असं घटना म्हणत नाही. विमानतळावर, मतदान केंद्रावर, बँकेत लॉकर उघडताना चेहरा दाखवावा लागतो आणि तो दाखवावाच, असं माझं मत आहे.

पण त्याच कलमाखाली घटनाकारांनी एक स्पष्टीकरण जोडलंय : कृपाण बाळगणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला जाईल. फाळणीच्या जखमा ओल्या असताना संविधान सभेने एक शस्त्र नाव घेऊन धर्मस्वातंत्र्यात घातलं. सुरक्षा आणि श्रद्धा यांतलं एक निवडायचं आणि दुसरं टाकायचं, अशी त्यांची रीत नव्हती.

माझं म्हणणं थोडक्यात : ओळख पटवण्याच्या क्षणी चेहरा मागण्याचा अधिकार आहे. तो क्षण संपला की अधिकारही संपतो. त्या क्षणी कोण बघतं, कुठे बघतं आणि बघितलेलं पुढे कुठे जातं, यावर सगळा न्याय-अन्याय ठरतो.

आणखी एक. पुण्यात उन्हाळ्यात दुचाकीवर निघालेली निम्मी मुलं-मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळून असतात. आमच्या गेटवर त्यांना कोणी अडवलेलं मी पाहिलं नाही. ‘कोणत्याही व्यक्तीस’ असं लिहायचं आणि अडवायचं फक्त बुरखेवालीला, हे होणार असेल तर तो ठराव सुरक्षेचा राहत नाही. तुमचे अनुभव आणि कायद्याची माहिती हवी आहे.

---

सरळरेषा
शनिवार, रात्री १०:०२

१३ फेब्रुवारी २०१० ला संध्याकाळी मी कोरेगाव पार्कातच होतो. जर्मन बेकरीत १७ माणसं गेली. त्यानंतर १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. या शहरात सुरक्षा हा पुस्तकातला विषय नाही, म्हणून मी थोडं कडक लिहितो.

ओळखपत्राची किंमत ते सगळ्यांना सारखं असण्यात आहे. एकाला सूट दिली की दुसरा मागतो. कॅनडातलं उदाहरण बघा. अल्बर्टा प्रांतात हटराइट नावाचा ख्रिस्ती पंथ आहे, शेती करून सामूहिक वसाहतींत राहणारा. ‘प्रतिमा करू नका’ ही आज्ञा ते शब्दशः पाळतात, त्यामुळे छायाचित्र काढून घेत नाहीत. त्यांना १९७४ पासून बिनफोटोचं ड्रायव्हिंग लायसन्स मिळायचं. २००३ मध्ये सरकारने सूट बंद केली, कारण फोटोंचा साठा पूर्ण असेल तरच एक माणूस दोन नावांनी लायसन्स काढतोय का हे तपासता येतं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. ही माणसं कुणाला त्रास देणारी नव्हती. तरीही न्यायालयाने सर्वांना एकच नियम मान्य केला.

तुमच्या गेटवर वॉचमन कायदेपंडित नसतो. त्याला कळेल असा एकच नियम हवा.

---

काळा कोट
शनिवार, रात्री १०:४०

@सरळरेषा, निकाल बरोबर सांगितलात, पण तो ४ विरुद्ध ३ असा लागला हेही सांगायला हवं. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचा एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो : अल्बर्टात लायसन्सच नसलेले सुमारे ७ लाख लोक होते, म्हणजे त्यांचे फोटो साठ्यात नव्हतेच. मग काहीशे हटराइट साठ्यात आणल्याने सुरक्षेत किती भर पडणार होती, आणि त्यासाठी त्या वसाहतींना काय सोसावं लागलं? गाडी चालवता आली नाही तर दूध, भाजी बाजारात कशी न्यायची, दवाखान्यात कसं जायचं? मोजमाप दोन्ही बाजूंचं हवं. बाकी सविस्तर उद्या लिहितो.

---

शाळामास्तर
रविवार, सकाळी ७:२५

शिक्षक म्हणून निवडणुकीची ड्यूटी अनेकदा केली, केंद्राध्यक्षही होतो. इथे चर्चा चाललीय तो प्रश्न निवडणूक आयोगाने फार पूर्वीच व्यवहारात सोडवलेला आहे.

केंद्राध्यक्षाच्या पुस्तिकेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र सूचना असते. अशा मतदार बऱ्याच असतील तर एक आडोसा करायचा, तिथे महिला कर्मचाऱ्याने ओळख पटवायची आणि शाई लावायची. खासगीपणा, प्रतिष्ठा आणि शालीनता राखून, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. मला सर्वांत आवडलेली ओळ म्हणजे आडोशासाठी खर्च करू नका, खाट उभी करा किंवा कापड लावा. म्हणजे देशाच्या निवडणुकीत हा प्रश्न एका चादरीने सुटतो.

१९६१ च्या निवडणूक नियमांतही स्त्री मतदारांच्या मदतीला आणि गरज पडल्यास झडतीला बाई नेमता येते. ही सवलत नव्हे. ओळख तर पटवायचीच असते, चेहरा आणि कार्ड जुळलं नाही तर मत नाही. फक्त पटवायची रीत माणसाला साजेशी ठेवली आहे.

माझ्या केंद्रावर एकदा महिला कर्मचारी आजारी पडल्या. क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन केला, तासाभरात अंगणवाडीच्या एक ताई हजर झाल्या. तोवर ज्यांना थांबायचं होतं त्या थांबल्या, काहींनी आपणहून नकाब वर केला आणि मत देऊन गेल्या. कुणाचाही आवाज चढला नाही.

---

कोंढवेकरीण
रविवार, सकाळी १०:१५

मी नकाब घालते. माझ्या घरी अम्मी घालत नाही, बहीण फक्त डोक्यावर स्कार्फ घेते. प्रत्येकीचं आपापलं. ज्यांच्यावर घरातून जबरदस्ती होते त्या बायकांच्या वतीने मी बोलू शकत नाही, तो वेगळा आणि गंभीर विषय आहे.

चेहरा दाखवायला मी आजवर कुठेच नाही म्हटलेलं नाही. लोहगावला विमानतळावर महिला जवान पडद्याआड नेतात, दोन सेकंदात बघतात, शिक्का, संपलं. मला तिथे सुरक्षितही वाटतं आणि माझा मानही राहतो. उलट एका कार्यालयात खिडकीसमोर भरल्या रांगेत पुरुष कर्मचारी ओरडला, ‘ते वर करा, नाहीतर पुढच्याला येऊ द्या.’ मी महिला कर्मचारी आहेत का म्हणून विचारलं. मागच्या टेबलावर दोघी बसल्या होत्या. त्यांना बोलावण्याऐवजी रांगेतल्या लोकांनी माझ्यावर भाषणं दिली. त्या दिवशी माझं काम झालं नाही.

दोन्हीकडे नियम एकच होता : चेहरा दाखवा. म्हणून मुठाकाठची ताई म्हणते ते मला पटतं.

आमच्याकडच्या लोकांनाही एक सांगायचंय. चेहरा मागितला की काहीजण लगेच मजहबवर हल्ला झाला म्हणून आवाज चढवतात, व्हिडिओ काढतात. त्यातून त्या बाईचं काम अडतं आणि पुढच्या दहा जणींना संशयाने बघितलं जातं. आम्हाला सूट नकोय. आडोसा आणि बाई कर्मचारी, एवढंच हवंय.

---

सरळरेषा
रविवार, सकाळी ११:०५

@कोंढवेकरीण, तुमच्याशी त्या कार्यालयात जे झालं ते चुकीचंच होतं. महिला कर्मचारी समोर असताना बोलावलं नाही, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

पण माझी अडचण खरी आहे. बाई कर्मचारी नसेल तेव्हा काय? रात्री दहाला गेटवर एकच वॉचमन असतो. थांबायचं कुणी, त्याने की तुम्ही? विमानतळाकडे जवान आहेत, आयोगाकडे आख्खं प्रशासन आहे. छोट्या संस्थेकडे काय आहे?

---

लक्ष्मी रोड
रविवार, दुपारी १:३०

आमचा दागिन्यांचा पिढीजात धंदा. काउंटरवरून पाटल्या उचलून नेणाऱ्या टोळ्या येतात. बुरख्यातल्या आल्या, नऊवारीतल्या आल्या, हेल्मेट घातलेले तर बऱ्याचदा. आम्ही दारावर पाटी लावली : ‘हेल्मेट, स्कार्फ, मास्क, नकाब : कृपया आत येताना कॅमेऱ्यासमोर एकदा चेहरा दाखवावा.’ चारही शब्द एकाच आकारात. दाराशी एक ताई बसतात. कॅमेरा त्यांच्याच बाजूला, छोट्या कठड्याच्या आत. एकदा दाखवलं की आत हवं तसं बसा.

काही जुन्या गिऱ्हाइकांना सुरुवातीला राग आला. जास्त राग स्कार्फवाल्या कॉलेजच्या मुलींना आला, ‘आमच्यावर संशय?’ म्हणून. त्यांना सांगितलं, सगळ्यांना तेच आहे. मग आपोआप सवय झाली.

---

कॅम्पवासी
रविवार, दुपारी ३:५०

आमचं घर तीन पिढ्या पुण्यात आहे, मी मराठी माध्यमात शिकलो आणि पगडी बांधतो. शीख समाजाचा अनुभव इथे उपयोगी पडेल.

ओळखीसाठी नेमकं काय लागतं, हे आधी ठरवलं की निम्मं भांडण मिटतं. आपल्या पासपोर्टच्या फोटोला धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं, फक्त हनुवटीच्या खालच्या टोकापासून कपाळाच्या वरपर्यंत आणि दोन्ही बाजूंनी चेहरा स्पष्ट हवा. आधारच्या फोटोलाही पगडी चालते. फ्रान्सने मात्र उघड्या डोक्याचाच फोटो हवा असा आग्रह धरला. एका वृद्ध शीख गृहस्थांनी निवास परवान्यावरून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. २०११ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. कारण सरळ आहे : जो माणूस आयुष्यभर पगडीत वावरतो, त्याचा पगडीशिवायचा फोटो बघून पोलिसाला तो ओळखू येईल की कमी ओळखू येईल? पगडी चेहरा झाकत नाही. तिथे सुरक्षेच्या नावाने मागितलेली गोष्ट सुरक्षेच्याच कामाची नव्हती.

कृपाणाचंही तसंच. देशांतर्गत विमानात पातं ६ इंचांपर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंत असेल तर शीख प्रवाशाला ती बाळगता येते. परदेशी जाताना सामानात द्यावी लागते, आणि आम्ही देतो. मर्यादा आकड्यात लिहिलेली आहे, त्यामुळे गेटवरच्या जवानाच्या मर्जीवर काही राहत नाही.

हेल्मेटसक्तीचा विषय पुण्यात निघाला की लोक मला मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ दाखवतात, पगडी घातलेल्या शिखाला सूट आहे म्हणून. ती सूट मला मान्य आहे, कारण तिथे धोका मुख्यतः माझ्या स्वतःच्या डोक्याला आहे. ओळखीच्या बाबतीत धोका दुसऱ्याला असू शकतो, म्हणून तिथे मी तेवढी सूट मागणार नाही. दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजू नयेत.

---

एमपीएससीची तयारी
रविवार, संध्याकाळी ५:२०

सदाशिव पेठेत राहून अभ्यास करते. परीक्षा केंद्रावरची तपासणी हाही याच धाग्याचा विषय आहे.

२०१५-१६ मध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेत डोक्यावरचा स्कार्फ आणि लांब बाह्यांवरून मुली केरळ उच्च न्यायालयात गेल्या होत्या. सीबीएसईची काळजी खोटी नव्हती, कपड्यांत यंत्र लपवून कॉपी झाली होती. न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं : ज्यांना हा पोशाख घालायचा आहे त्यांनी अर्धा तास आधी यावं, महिला पर्यवेक्षकांकडून तपासणी करून घ्यावी. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचं काम झालं.

आणि हा फक्त मुसलमान मुलींचा प्रश्न आहे असं कुणी समजू नये. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकात सीईटीला मुलांना जानवं काढायला लावलं म्हणून केवढा गदारोळ झाला. मंगळसूत्र उतरवायला लावल्याच्या तक्रारीही वेगवेगळ्या परीक्षांत येतात. जानवं तपासून बघा, हरकत नाही, पण काढून टेबलावर ठेवायला का लावायचं? आज ज्यांना दुसऱ्याचा नकाब खटकतो त्यांनी स्वतःच्या घरातल्या मुलीला केंद्राच्या फाटकात मंगळसूत्र काढायला लावलं तर काय वाटेल, याचा खरंच विचार करावा.

---

काळा कोट
रविवार, रात्री ९:००

कबूल केल्याप्रमाणे कायद्याचं लिहितो.

मतदार यादीतल्या फोटोचा प्रश्न आपल्याकडे न्यायालयात गेलेला आहे. गोशा म्हणजे पडदा पाळणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो यादीत नकोत, अशी याचिका मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात २०१० मध्ये सुनावणीवेळी, भावना इतक्या तीव्र असतील तर मतदानाला जाऊ नका, अशा अर्थाचं तोंडी मत आलं होतं. फोटो हवा हे मला मान्य आहे, पण ‘मग मत देऊ नका’ हे मला आजही खटकतं. मतदान म्हणजे क्लबचं सदस्यत्व नव्हे. मास्तरांनी सांगितलेली चादर हातात असताना बाईला घरी पाठवण्याची गरजच काय?

आपल्याकडे १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून न्यायालयं विचारतात की अमुक प्रथा त्या धर्माचा आवश्यक भाग आहे का. यातून न्यायाधीशांना कुराण, पुराणं, ग्रंथसाहिब उघडून बसावं लागतं. माझ्या मते ओळखीच्या प्रश्नात त्या वाटेने जाऊच नये. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि तो मर्यादित करायचा तर कसोटी घातली : कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. बाईची श्रद्धा ‘आवश्यक’ आहे का हे विचारण्यापेक्षा सरकारचा उपाय प्रमाणात आहे का हे विचारणं जास्त सोपं आणि जास्त न्याय्य आहे.

फ्रान्सच्या २०१० च्या चेहरा-झाकण्यावरील बंदीचं प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं. २०१४ च्या निकालात बंदी टिकली, हे सगळ्यांना माहीत असतं. ती सुरक्षेच्या कारणावर टिकली नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. धोका दिसेल तिथे चेहरा दाखवून ओळख पटवायला सांगणं पुरेसं आहे, सरसकट बंदी त्या प्रमाणात बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बंदी टिकली ती ‘एकत्र सहजीवना’च्या कारणावर, आणि ते कारण मला पोकळ वाटतं. पण धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या भागात आहे.

बाईची झडती बाईनेच आणि शालीनता राखून घ्यायची, हे आपल्या फौजदारी कायद्यात जुनंच आहे. १९७३ च्या संहितेत कलम ५१(२), आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४९(२). अटकेतल्या आरोपी स्त्रीला जो मान कायदा देतो, तो पाहुणी म्हणून गेटवर आलेल्या स्त्रीला द्यायला एवढी चर्चा लागावी?

---

जुनं पुणं
रविवार, रात्री ९:५५

पुण्याने ही चूक एकदा फार महागात पाहिली आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१८९७ चा प्लेग खरा होता, माणसं मरत होती. साथरोग कायदाही त्याच वर्षी फेब्रुवारीत आला, आणि २०२० मध्ये कोविडसाठी आपण तोच वापरला. म्हणजे कायद्याचा हेतू रास्त होता. पण रँडच्या प्लेग समितीने घरोघर तपासणीला गोरे सोजीर पाठवले. ते स्वयंपाकघरात, देवघरात शिरले. बायकांना परक्या पुरुषांसमोर तपासल्याच्या तक्रारी गावभर झाल्या. ‘केसरी’ने लिहिलं. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिलं. रमाबाई आणि टिळक यांचं जवळजवळ कशातच एकमत नव्हतं, पण यावर दोघेही बोलले. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या हत्येचं समर्थन मी करत नाही.

लोक तपासणीपासून आजारी माणसं लपवू लागले, हे मला सर्वांत जास्त बोचतं. रीत वाईट म्हणून हेतूच हरला. गेटवर बाईचा अपमान करून ज्यांना सुरक्षा वाढली असं वाटतं, त्यांनी यावर विचार करावा. जिला एकदा अपमान सोसावा लागला, ती उद्या शेजारच्या घरात काही संशयास्पद दिसलं तर आपणहून सांगायला येईल का?

---

हिंजवडी फेज दोन
सोमवार, सकाळी ८:४०

सगळी चर्चा ‘बघणाऱ्या’वर चाललीय. माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगतो, खरा प्रश्न आता ‘साठवणाऱ्या’चा आहे.

वरच्या कॅनडाच्या खटल्यातला एक तपशील राहिला. सरकारने हटराइटांना तडजोड देऊ केली होती की लायसन्सवर फोटो छापणार नाही, फक्त संगणकातल्या साठ्यात ठेवू. त्यांनी नाकारली, कारण त्यांचा आक्षेप फोटो काढण्यालाच होता. पण सरकारचा खरा रस कशात होता, तेही त्यातून दिसतं : साठ्यात.

आपल्याकडे २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात मोजमापं ७५ वर्षं ठेवता येतात. त्याआधीचा १९२० चा कायदा बोटांचे आणि पावलांचे ठसे, फोटो एवढ्यावर थांबत होता, नव्यात डोळ्यांची बुबुळंही आहेत. आधारच्या २०१८ च्या निकालाने खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मोकळीक देणारं कलम ५७ त्या मर्यादेत रद्द केलं, ते बरंच झालं. विमानतळावर डिजियात्रा, म्हणजे यंत्राने चेहरा ओळखून आत सोडण्याची सोय, ऐच्छिक आहे, कार्ड दाखवून जाण्याची रांग चालू आहे, आणि ती कायम चालू राहायला हवी. नकाब घालणारी बाई असो की जैन स्थानकवासी साध्वी मुँहपत्ती (तोंडावरची पट्टी) बांधलेली असो, माणसाच्या नजरेने पटवून घेण्याची सोय काढून टाकली तर मास्तरांची चादर उपयोगी पडणार नाही. यंत्राला आडोसा कळत नाही.

---

कोंढवेकरीण
सोमवार, सकाळी ९:३०

हेच मला सांगायचं होतं, पण शब्द सापडत नव्हते. आजकाल सोसायटीच्या गेटवर वॉचमन मोबाइलवर पाहुण्याचा फोटो काढतो आणि तो ज्या घरी जायचं त्यांच्या ॲपवर जातो. मी मुलींना कुराण आणि गणित दोन्ही शिकवायला घरोघर जाते. वॉचमनच्या फोनमध्ये माझे उघड्या चेहऱ्याचे किती फोटो असतील, ते कुणी उघडले असतील, मला माहीत नाही. बाईने दोन सेकंद बघणं आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

मुठाकाठची
सोमवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांशी तासभर बोलले, त्यांना हा धागाही वाचायला दिला. दुकानदार दादांची पाटी त्यांना सर्वांत जास्त पटली. ठरावाचा नवा मसुदा असा :

‘हेल्मेट, स्कार्फ, मास्क, नकाब अथवा अन्य कशानेही चेहरा झाकलेल्या प्रत्येकाने गेटवर एकदा ओळख पटवून द्यावी. स्त्रियांची ओळख महिला सुरक्षारक्षकाने केबिनमध्ये पटवावी. महिला रक्षक नसेल त्या वेळी ज्या घरी जायचे त्या घरातील स्त्रीने खाली येऊन ओळख द्यावी. ओळख पटल्यावर आत चेहरा झाकण्यास मनाई नाही.’

@सरळरेषा, रात्री दहाच्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या वाक्यात आहे. पाहुणी ज्यांची, जबाबदारी त्यांची.

---

सरळरेषा
सोमवार, रात्री ९:०५

तिसरं वाक्य मला मान्य. व्यवहारात बसेल असं आहे. स्कार्फवाल्यांनाही तोच नियम लावा, नाहीतर मी स्वतः सभेत आक्षेप घेईन.

कोंढवेकरीण यांना गेटवरचा फोटो खटकतो, त्यावर मात्र मी हटणार नाही, फोटो हवा. चोरी झाल्यावर ‘बाईने बघितली होती’ एवढ्यावर पोलीस काय करणार? आठवड्याने तिला चेहरा आठवेल का? नोंद हवीच.

---

काळा कोट
सोमवार, रात्री ९:४०

नाव, वेळ, कुठल्या घरी आणि कुणी ओळख दिली, ही नोंद ठेवाच. ओळख देणारं माणूस संस्थेचंच असेल तर पोलिसांना तपासाचा धागा मिळतो, अनेकदा फोटोपेक्षा पक्का. फोटो काढायचाच ठरला तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा वाचून घ्या. हेतू संपला की माहिती पुसायची, हे त्यात कलम ८(७) मध्ये आहे. किती दिवसांनी पुसणार आणि कोण पुसणार हे मसुद्यात लिहा. फोन वॉचमनच्या खिशातला नसावा.

---

सरळरेषा
सोमवार, रात्री ९:५८

पुसायची मुदत लिहायला माझी हरकत नाही. पण फोटो नकोच, यावर माझं मत विरोधातच राहील.

---

कोंढवेकरीण
मंगळवार, सकाळी ७:५०

मास्तर, एक विचारायचंय. माझ्या खाला (मावशी) आता खूप म्हाताऱ्या झाल्यात, त्यांच्या मतदार कार्डावरचा फोटो जुना आणि पुसट आहे. गेल्या वेळी एका पक्षाचा माणूस केंद्राच्या दारात उभा राहून ‘बुरखा वर करा, मला बघू द्या’ म्हणत होता. त्या घाबरून परत आल्या. त्याला तसा अधिकार असतो का?

---

शाळामास्तर
मंगळवार, सकाळी ८:३०

नसतो. चेहरा बघण्याचा अधिकार मतदान अधिकाऱ्यांचा. मे २०२४ मध्ये हैदराबादेत एका उमेदवाराने केंद्रात जाऊन बुरख्यातल्या बायकांचे चेहरे आणि कार्डं स्वतः तपासली, तेव्हा गुन्हा नोंदवला गेला होता.

मतदान प्रतिनिधीला संशय असेल तर त्याच्यासाठी वेगळी रीत आहे. पहिला मतदान अधिकारी नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो, तो त्यासाठीच. प्रतिनिधीने २ रुपये अनामत भरून केंद्राध्यक्षाकडे आक्षेप घ्यायचा. केंद्राध्यक्ष तिथेच थोडक्यात चौकशी करतो. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदार मत देतो, आणि आक्षेप उगाच घेतला होता असं दिसलं तर ते २ रुपये जप्त होतात. प्रतिनिधीने पडदा उचलायला लावणं यात कुठेच बसत नाही. पुन्हा कोणी तसं केलं तर खालांना दारातून परत जाऊ देऊ नका, सरळ केंद्राध्यक्षाला हाक मारा.

कार्डासाठी तुमच्या यादी भागाच्या बीएलओंना (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना) भेटा. फॉर्म ८ भरून नवा फोटो देता येतो, कार्डही बदलून मिळतं. फोटोला डोक्यावर ओढणी चालेल, चेहरा मोकळा हवा. आणि मतदानाच्या आधी त्यांनाच सांगून ठेवा की आपल्या केंद्रावर पडदानशीन मतदार बऱ्याच आहेत. ती माहिती वेळेत पोचली तर महिला कर्मचारी आधीच नेमता येते, ऐन वेळी धावाधाव होत नाही.